आधी वारा, मग कॅमेरा

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये आमच्या तालुक्यातल्या एका गढीचा ईशान्येकडचा बुरूज पावसात बसला. गढी मराठवाड्यातल्या बहुतेक गढ्यांसारखी पांढऱ्या मातीची. ही माती धाब्याच्या घरावर टाकायला चांगली, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक ती पाट्या भरभरून नेत आले. उरलेली पावसाळा नेतो. त्या बुरुजाच्या आत एक जिना होता. त्याच्या खालच्या पायऱ्या केव्हाच ढासळलेल्या, त्यामुळे वर जाता येत नव्हते. वरच्या टप्प्यावर काय आहे याची नोंद कोणीही केलेली नव्हती. ती करण्याचे साधन बुरूज पडण्याच्या सहा महिने आधी माझ्या घरात आलेले होते. तरीही नोंद झाली नाही. ती का झाली नाही, हे शोधताना मी ज्या इतिहासात शिरलो, तो या लेखाचा विषय आहे.

माझे शिक्षण दहावीपर्यंतचे आणि धंदा मोटारी भरण्याचा. गेली २२ वर्षे सुट्टीच्या दिवशी गढ्यांची मापे घेतो, नकाशे काढतो. चालकाने डोळ्यांवर गॉगल चढवायचा आणि ड्रोनच्या नाकावरच्या कॅमेऱ्याला जे दिसते तेच पाहत उडवायचे, या प्रकाराला एफपीव्ही म्हणतात. अरुंद जिन्यात असे ड्रोन जाऊ शकते हे समजले आणि मी दुकानाच्या शिलकीतून सगळे साहित्य एकदम, जुन्या वापराचे, विकत घेतले. पाच इंची पात्यांचे मोठे ड्रोन, गॉगल आणि वर बसवायला चांगला कॅमेरा. पहिले उड्डाण मोजून ११ सेकंदांचे झाले. ड्रोन बाभळीत गेले, कॅमेऱ्याची काच तडकली आणि एक हात मोडला. भाचा शेजारी उभा होता. तो एवढेच म्हणाला, "मामा, तुम्ही कॅमेरा आधी घेतला. उडवणं राहूनच गेलं."

त्याचे वाक्य मनात राहिले. आकाशात डोळा पाठवण्याचा प्रयत्न करणाऱ्या पहिल्या माणसांनी सुरुवातीला काय घेतले आणि कशात फसले, हे मी वाचू लागलो.

फुगा, पतंग आणि कबुतर

पॅरिसचा नामांकित छायाचित्रकार नादार १८५८ मध्ये दोराने बांधलेल्या फुग्यातून वर गेला. त्या काळी काचेवर रसायन लावून ती ओली असतानाच चित्र घ्यावे आणि धुवावे लागे, म्हणून फुग्याच्या टोपलीतच त्याने अंधारखोली केली होती. कॅमेऱ्यातले त्याला सगळे कळत होते, पण काचा एकामागून एक काळ्या निघत. दोष कॅमेऱ्यात नव्हताच. फुग्याच्या तोंडातून निसटणारा वायू काचेवरच्या रसायनाचा नाश करत होता. तोंड बंद ठेवून वर गेल्यावर त्याला पुसटसे चित्र मिळाले. ते आज उपलब्ध नाही. उपलब्ध असलेले सर्वांत जुने हवाई छायाचित्र अमेरिकेतल्या बोस्टन शहराचे आहे. ते जेम्स वॉलेस ब्लॅक याने १८६० मध्ये फुग्यातूनच घेतले.

फ्रान्समधल्या आर्थर बात्यू याने १८८८ मध्ये माणसाला जमिनीवरच ठेवले आणि कॅमेरा पतंगाला बांधला. झडप उघडण्यासाठी त्याने फटाक्याला असते तशी सावकाश जळणारी वात वापरली. वात पेटवायची, पतंग चढवायचा, वात संपली की चित्र निघायचे. किती उंचीवर निघाले हे कळावे म्हणून सोबत एक छोटा वायुभारमापक असे. पतंग किती ओझे पेलतो हे आधी पाहून त्याने कॅमेरा तेवढाच हलका केला. दोन वर्षांनी त्याने या विषयावर पुस्तकही लिहिले.

शिकागोच्या जॉर्ज लॉरेन्सची वाट याच्या उलट होती. त्याला मोठीच चित्रे हवी होती. १९०१ मध्ये फुग्याखालचा त्याचा पाळणा तुटला आणि तो सुमारे २०० फुटांवरून खाली आला. वाटेतल्या तारांमुळे वाचला. त्यानंतर त्याने फुगा सोडला आणि पतंगांची माळ वापरायला घेतली. १९०६ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झाले. मेअखेरीस त्याने या माळेला वीस किलोंहून जड कॅमेरा टांगून सुमारे २,००० फुटांवरून त्या शहराचे विस्तीर्ण चित्र घेतले. त्या एका चित्रात अख्ख्या शहराची पडझड दिसते. पण त्याआधी त्याला वाऱ्याचा अभ्यास करावा लागला, आणि तो त्याने एकदा पडल्यानंतर केला.

चौथे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते, कारण तो माणूस छायाचित्राच्या धंद्यातला नव्हता. जर्मनीतल्या क्रोनबर्ग गावचा औषधविक्रेता युलियस नॉयब्रोनर औषधांच्या चिठ्ठ्या आणि पुड्या कबुतरांकरवी पाठवत असे. त्याने कबुतराच्या छातीवर बसेल असा आपोआप चित्रे काढणारा कॅमेरा केला आणि १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. कबुतर सुमारे ७५ ग्रॅम ओझे घेऊन उडू शकते, म्हणून कॅमेऱ्याचे वजन त्याच्या आत राहिले. पक्षी आधीच तयार होता आणि घरचा रस्ता त्याला पाठ होता. कॅमेरा शेवटी आला.

खेळण्यातून निघालेला मेंदू

एफपीव्हीची सुरुवात रेडिओवर चालणारी छोटी विमाने उडवणाऱ्या हौशी लोकांनी केली. पहाऱ्यासाठी वापरतात तसले छोटे कॅमेरे विमानाच्या नाकावर बसवायचे आणि चित्र रेडिओलहरींनी खाली आणायचे. हे लोक वर्षानुवर्षे विमाने उडवत होते, नवा होता तो फक्त डोळा. २०१० मध्ये राफाएल पिर्कर याने न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेभोवती असे विमान फिरवले आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. पुढच्याच वर्षी व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात केलेल्या चित्रीकरणाबद्दल अमेरिकेच्या विमान प्रशासनाने त्याला १०,००० डॉलरचा दंड सुनावला. प्रकरण २०१५ च्या जानेवारीत १,१०० डॉलरवर मिटले. परवानगीचा प्रश्न या छंदाइतकाच जुना आहे, हे वाचकांच्या लक्षात यावे.

चार पंख्यांचे यंत्र मात्र माणसाच्या हाताने स्थिर राहत नाही. सेकंदाला शेकडो वेळा कल मोजून चारही मोटारींचा वेग बदलणारा मेंदू त्याला लागतो. हा मेंदू हौशी लोकांच्या आवाक्यात आणला एका खेळण्याने. निन्टेन्डो कंपनीच्या वी या खेळाच्या हातयंत्रात कल ओळखणारे स्वस्त भाग होते. २०१० मध्ये पॅरिसच्या एका हौशी माणसाने ते काढून छोट्या संगणक पट्टीला जोडले आणि आपले काम सर्वांसाठी खुले केले. मल्टीवी हे त्याचे नाव. आज वापरात असलेले बीटाफ्लाइट त्याच घराण्यातले आहे.

मोटारीबद्दल दोन शब्द धंद्यामुळे लिहितो. विहिरीवरची थ्री-फेज मोटार आणि ड्रोनवरची सुपारीएवढी मोटार यांचे नाते जवळचे आहे. दोन्हींत तीन तारा आणि फिरते चुंबकीय क्षेत्र. कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की फिरण्याची दिशा उलटते. या मोटारीवर केव्ही नावाचा आकडा लिहिलेला असतो. तो एका व्होल्टला बिनभाराचे किती फेरे हे सांगतो. वेढे कमी भरले की आकडा वाढतो. हे समजल्यावर त्या पेटीतल्या वस्तूंची माझी भीती गेली.

पुढचा टप्पा २०१६ च्या सुमाराचा. अमेरिकेतल्या जेसी पर्किन्स याने तळहाताएवढ्या, पात्यांभोवती कडे असलेल्या ड्रोनवर चिमुकला कॅमेरा बसवला. त्याच्या टायनी व्हूप या नावावरून त्या साऱ्या वर्गालाच व्हूप म्हणू लागले. त्याच साली दुबईच्या मोठ्या शर्यतीत १५ वर्षांचा ल्यूक बॅनिस्टर जिंकला. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका बोलिंग क्लबच्या दारातून आत, माणसांच्या मधून, सरपटत्या चेंडूंच्या मार्गाने थेट यंत्रापर्यंत जाणारी दीड मिनिटाची अखंड चित्रफीत जगभर गाजली. ती कडेवाल्या छोट्या ड्रोनवरून घेतलेली होती. अरुंद जागेचा प्रश्न मोठ्या यंत्राने सुटलेला नाही, हे मला त्या फितीने दाखवले.

आपल्याकडचा क्रम

भारतात २०२१ च्या २५ ऑगस्टला नवे ड्रोन नियम आले. त्यांत २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनचा सर्वांत हलका वर्ग ठरला आणि तो उडवण्यासाठी चालकाच्या प्रमाणपत्राची सक्ती राहिली नाही. पुढच्या फेब्रुवारीत परदेशी तयार ड्रोनची आयात बंद झाली, सुटे भाग मात्र चालू राहिले. आपल्याकडच्या नवशिक्याच्या हातात डाग देण्याची गन लवकर येते, याचे हे एक कारण असावे. नियम बदलत असतात. उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर आपली जागा पाहावी. संरक्षित किल्ला किंवा मंदिर असेल तर लेखी परवानगीशिवाय पेटीही उघडू नये.

दुसऱ्या खेपेला मी नॉयब्रोनरचा क्रम धरला. पहिली खरेदी चांगल्या रिमोटची. तो पुढे प्रत्येक ड्रोनला चालतो, म्हणून पैसे तिथे घालावेत. रिमोट तारेने संगणकाला जोडून सिम्युलेटरवर दीड महिना रोज रात्री तासभर बसलो. यंत्र स्वतःहून सरळ होत नाही, त्या रीतीतच शिकलो. शेकडो वेळा आपटलो आणि खर्च काही आला नाही. मग ३० ग्रॅमच्या आतला एक व्हूप घेतला. तो भिंतीवर आपटला तर कडे वाकते, माणसाला लागला तर फारशी इजा होत नाही. त्यानंतर गॉगल. माझा जुन्या अॅनालॉग पद्धतीचा आहे. त्यातले चित्र खराब, पण जाड भिंतीआड गेल्यावर ते हळूहळू मुंग्यांनी भरत जाते आणि माघारी फिरायची सूचना मिळते. डिजिटल चित्र स्वच्छ असते, पण संदेश तुटू लागला की ते अडखळते, गोठते. जिन्यात मला सूचना महत्त्वाची होती. ज्याला केवळ चित्रीकरण करायचे आहे त्याने डिजिटल घ्यावे.

बॅटरीबाबत काटकसर करू नये. या लिथियमच्या बॅटऱ्या एका घराला ४.२ व्होल्टपर्यंतच भराव्यात, ठेवून द्यायच्या असतील तर ३.८ च्या आसपास आणाव्यात. फुगलेली वापरू नये आणि चार्जिंगला लावून झोपू नये. गॉगल चढवलेल्या माणसाला आजूबाजूचे काही दिसत नाही, म्हणून उघड्या डोळ्यांचा एक माणूस शेजारी हवाच. माझ्याकडे ते काम भाच्याचे.

उरलेला बुरूज

गेल्या हिवाळ्यात मालकाची लेखी संमती घेऊन आम्ही त्याच गढीच्या आग्नेय बुरुजापाशी गेलो. हा बुरूज पडलेल्याचा जोडीदार, आतला जिना तसाच तुटलेला. चौथ्या प्रयत्नात व्हूप वरच्या टप्प्यावर पोचला. गॉगलमधले चित्र मुंग्यांनी भरले होते, पण व्हूपवरच्या इवल्या कॅमेऱ्यात साठलेले चित्रण घरी आल्यावर पाहिले. त्यात चार जंग्या स्पष्ट दिसतात. बंदुकीसाठी ठेवलेली ही भोके बाहेरच्या बाजूला असतात. इथे चारांपैकी दोघींचे तोंड आतल्या चौकाकडे आहे.

याचा अर्थ काय लावावा? दरवाजा फुटून शत्रू चौकात आला तर त्याच्यावर मारा करण्याची ही सोय असेल. घरातल्या भाऊबंदकीचीही ती खूण असू शकेल. किंवा मुळात हा बुरूज आधीच्या एखाद्या लहान गढीचा बाहेरचा कोपरा असेल आणि चौक नंतर वाढवला असेल. ईशान्येच्या बुरुजातही जंग्या आतल्या बाजूला होत्या की नाहीत, यावर यातली कोणती शक्यता टिकते ते ठरले असते. तो बुरूज आता मातीचा ढीग आहे आणि त्यातली बरीचशी माती गावातल्या धाब्यांवर गेली आहे. बाभळीत गेलेले ते ११ सेकंद मला म्हणून महाग पडले. सहा महिने हातात होते, ते मी मोडलेले ड्रोन दुरुस्त करण्यात घालवले.

येत्या थंडीत तालुक्यातल्या आणखी तीन गढ्यांचे जिने पाहायचे ठरले आहे. दोन मालकांनी होकार दिला आहे, तिसऱ्याशी बोलणे चालू आहे. वाचकांपैकी कोणाच्या गावच्या गढीत चौकाकडे तोंड केलेल्या जंग्या असतील, किंवा घरात पडलेल्या बुरुजाचा जुना फोटो असेल, तर त्यांनी तो जपून ठेवावा आणि मागे ठिकाण आणि साल लिहून ठेवावे.