नाव आणि निदान : ऱ्हायनोस्क्लेरोमाच्या इतिहासातील एक प्रश्न

व्हिएन्ना येथील त्वचारोगशास्त्राचा अध्वर्यू फर्डिनंड फॉन हेब्रा याने इ. स. १८७० मध्ये नाकावरील एका विलक्षण वाढीचे वर्णन प्रसिद्ध केले. ही वाढ वेदनारहित, हस्तिदंतासारखी कठीण व अत्यंत मंद गतीने पसरणारी असे. उपदंशावरील औषधांचा तिच्यावर परिणाम होत नसे आणि कापून काढली तरी ती पुन्हा उद्भवे. स्पर्शास जाणवणाऱ्या या काठिण्यावरूनच हेब्राने तिला 'ऱ्हायनोस्क्लेरोमा', म्हणजे नाकाचे काठिण्य, असे नाव दिले. तिच्या ऊतींची तपासणी त्याचा जामात मोरिट्झ कोह्न याने केली. हाच पुढे कपोसी या नावाने प्रसिद्धीस आला. उभयतांच्या मते हे एक अर्बुद होते.

हा निष्कर्ष निष्काळजीपणाचा म्हणता येणार नाही. जे कापूनही परत वाढते ते अर्बुद, हा त्या काळच्या शस्त्रवैद्याचा अनुभवसिद्ध नियमच होता. परंतु त्याची किंमत रोग्यास मोजावी लागे. रोग अर्बुद ठरला की शस्त्र व डागणी हेच उपाय उरत, आणि त्यांनी रोगाचे मूळ अस्पर्शितच राही.

बिलरोथच्या शस्त्रक्रियागृहातील तरुण साहाय्यक योहान मिकुलिच याने १८७६-७७ च्या सुमारास ही वाढ अर्बुद नसून जीर्ण शोथ आहे, असे प्रतिपादिले. फेसाळ दिसणाऱ्या ज्या मोठ्या पेशींचे त्याने वर्णन केले, त्या आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. हेब्रा १८८० मध्ये निवर्तला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८२ मध्ये, व्हिएन्नातच अंतोन फॉन फ्रिश याने या पेशींत दंडाकार जंतू दाखविले. (मधमाश्यांच्या भाषेचा संशोधक कार्ल फॉन फ्रिश हा याचाच पुत्र.) तरीही वाद मिटला नाही. हे जंतू न्यूमोनियाशी संबंधित अशा फ्रीडलेंडरच्या जंतूंशी इतके मिळतेजुळते होते, की रोगाचे कारण तेच, की ते केवळ सहवासी, अशी शंका दीर्घकाळ घेतली गेली. आजचे वर्गीकरण त्यांना क्लेब्सिएल्ला न्यूमोनियाचीच एक उपजाती मानते. तेव्हा ही शंका सर्वस्वी अनाठायी नव्हती.

हेब्राच्या नावाचा पूर्वार्धही अपुरा ठरला. हा रोग नाकापुरता राहत नाही. घसा, स्वरयंत्र व श्वासनलिका यांतही तो उतरतो, आणि तेथे श्वासमार्ग अरुंद झाल्यास जिवावर बेतते. म्हणून १९३२ मध्ये माद्रिद येथील कर्णनासाकंठतज्ज्ञांच्या परिषदेत 'श्वसनमार्गाचा स्क्लेरोमा' हे व्यापक नाव पुढे आले. तथापि पूर्व युरोप, ईजिप्त, मध्य अमेरिका व भारत यांसारख्या ज्या प्रदेशांत हा रोग आढळत आला आहे, तेथील वैद्यकीय लिखाणात जुने नावच रूढ राहिले.

१९४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध प्रसिद्ध झाल्यावर या रोगाच्या उपचारास प्रथमच जंतूवर रोख धरता आला. पुढे इतर प्रतिजैविके आली. ती अनेक आठवडे, कित्येकदा महिनोगणती द्यावी लागतात, कारण मिकुलिचच्या पेशी जंतूंना गिळतात खऱ्या, पण त्यांचा पूर्ण नाश करू शकत नाहीत. शस्त्रक्रियेकडे आता बुजलेला श्वासमार्ग मोकळा करण्याचे व विद्रूप झालेले नाक सावरण्याचे काम उरले आहे.