हजेरीपटातले मूल

पटावर नाव आहे म्हणजे मूल शिकते आहे, असे गृहीत धरून आपल्याकडचे बरेचसे शैक्षणिक संशोधन उभे असते. मी शिक्षक. पट भरण्यात हयात गेली. म्हणूनच पटावर माझा सहजी विश्वास बसत नाही.

साताऱ्याच्या शाळेत लहान भीमराव एका कोपऱ्यात गोणपाटाच्या तुकड्यावर बसत. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे. म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. शिपाई नसला तर पाणी नाही. हे सारे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आता विचार करा, त्या दिवसाच्या हजेरीत काय उमटणार? नुसते 'हजर'. सर्वांसोबत बसणाऱ्या मुलाच्या नावापुढे जे, तेच यांच्या नावापुढे. असा आकडा खोटा नसतो आणि तरीही तो खरे सांगत नाही.

ही मेख आपल्या पूर्वसूरींना पक्की ठाऊक होती. 19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. शेतकऱ्याच्या कराचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर उधळला जातो, हा त्यातला आरोप सर्वांना माहीत आहे. मला त्या आधीचा भाग महत्त्वाचा वाटतो. शिक्षणातला आपला अनुभव मुख्यत्वे पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, हे ते प्रथमच सांगून टाकतात. मग पत्नीसह मुलींच्या शाळेत केलेले काम, महार-मांगांसाठी काढलेल्या शाळा, तिथे घातलेली 9-10 वर्षे. मी कोण, कुठे उभा राहून बोलतो, मला कुठवर ठाऊक आहे, याचा हा जाहीर हिशेब. विश्वासार्हतेवर आज विद्यापीठांतून जाडजूड प्रकरणे लिहिली जातात. एवढा प्रामाणिकपणा त्यांत क्वचित दिसतो.

बाबासाहेबांची रीत निराळी. 12 मार्च 1927 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी लोकसंख्या आणि पटसंख्या समोरासमोर मांडली. एकूण पटसंख्येत सगळे समाज मिसळले की कोण मागे राहिला ते झाकले जाते. त्यांनी ते उघडे केले. दर हजार लोकसंख्येमागे प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंची 119 मुले, मुसलमानांची 92, मध्यम वर्गाची 38, मागासवर्गाची फक्त 18. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. शाळेत शिरणाऱ्या 100 मुलांपैकी चौथीपर्यंत 18 च पोहोचतात. उरलेली 82 पुन्हा निरक्षरतेत ढकलली जातात. म्हणजे दाखल झालेले मूल आणि शिकलेले मूल, यांत 82 मुलांचे अंतर! सरकार मात्र दाखल झालेलीच मोजून समाधान मानत होते.

हे सगळे वाचलेले असूनही मी चुकलो. काही वर्षांपूर्वी एका पाहणीत माहिती गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले. छापील प्रश्नावली, हेडमास्तरांची खोली, समोर एकेक पालक. 'आहाराच्या वेळी मुले एकत्र बसतात का?' सर्वांनी 'होय' म्हटले. आमच्या वस्तीतल्या पालकांनीही. मी यांच्यातलाच, मला खरेच सांगणार, असा माझा भाबडा समज. जात एक असली म्हणून भीती नाहीशी होत नाही, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

एसटीच्या थांब्यावर एक बाई गाठून म्हणाल्या, "गुरुजी, हेडमास्तराम्होरं काय सांगनार? पोर तिथंच शिकतंय न्हवं?"

नंतर तीनदा वस्तीवर गेलो. पहिल्या खेपेला प्रश्नावली पिशवीतून काढलीच नाही. तिसऱ्या खेपेला पोरांना म्हटले, जेवताना कोण कुठे बसते ते मातीत काढून दाखवा. त्यांनी दोन रांगा काढल्या. आपली रांग नळाच्या बाजूला, वेगळी. मग आयाबायांना तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर पहिल्याच्या उलट आले.

वरच्या साहेबांचे म्हणणे पडले, दोनांतला एक कागद काढून टाका, तक्ता बिघडतो. मी दोन्ही ठेवले. प्रत्येकावर कुठे, केव्हा आणि कोणासमोर विचारले ते लिहिले, आईबापांची नावे खोडली आणि दोन्ही एकत्र टाचून पाठवून दिले.