दाढदुखी आणि अँटिबायोटिक: तोंडातील जंतू औषधाला दाद का देत नाहीत?

दाढ ठणकायला लागली की आपल्याकडे बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. कोणीतरी मेडिकलवर जातं, दातदुखीची गोळी मागतं आणि वेदनाशामकासोबत अमॉक्सिसिलिनच्या चार-सहा कॅप्सूल घेऊन येतं. दोन दिवसांत ठणका थांबतो, उरलेल्या कॅप्सूल डब्यात जातात आणि किडलेली दाढ तशीच राहते. या सवयीमुळे काय नुकसान होतं, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

तोंडातील जंतू

माणसाच्या तोंडात आढळणाऱ्या जिवाणूंच्या 700 हून अधिक प्रजाती ओळखल्या गेल्या आहेत. त्यातील बहुतेक निरुपद्रवी असतात. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जंतू साखरेपासून आम्ल तयार करतो आणि त्या आम्लाने दात किडतो. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हिरडीच्या खाली, हवा न पोहोचणाऱ्या जागेत वाढतो. तिथे हिरडीचा आजार बळावला की दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं आणि दात हलू लागतात. तंबाखू, गुटखा आणि मधुमेह असेल तर हा आजार लवकर वाढतो.

गोळी का पुरत नाही?

हे जंतू सुटे राहत नाहीत. ते दातावर चिकट थर करून राहतात आणि त्या थरात औषध नीट शिरत नाही. हाच थर पुढे कडक होऊन कीटण बनतो. दुसरं कारण असं की औषध रक्तातून पोहोचतं. दाताची नस मेली की आत रक्तच जात नाही, मग औषध जाणार कसं? म्हणून खरा इलाज म्हणजे दात साफ करणं, रूट कॅनल करणं, पू काढणं किंवा दात काढणं. दाताचा उपचार लगेच मिळू शकत असेल, तर प्रौढांच्या बहुतेक दातदुखीत अँटिबायोटिकची गरज नसते, असे अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 मध्ये मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे.

जंतू निर्ढावतात कसे?

औषध घेतलं की कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात आणि तेच वाढतात. हिरड्यांतील प्रीव्होटेला जातीचे काही जंतू बीटा-लॅक्टामेज नावाचं एन्झाइम बनवतात. हे एन्झाइम अमॉक्सिसिलिनला निकामी करतं आणि शेजारच्या जंतूंनाही त्याचा आडोसा मिळतो. शिवाय दाटीवाटीने राहणारे जंतू असे गुण जनुकांद्वारे एकमेकांना देतात. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्येच कमी मात्रेच्या या धोक्याचा इशारा दिला होता. 2019 मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट झाले, असा अंदाज आहे. आज दाढेसाठी वाया घालवलेलं औषध उद्या त्याच घरात न्यूमोनियाच्या वेळी कामाला येणार नाही, ही खरी भीती आहे.

अँटिबायोटिक केव्हा लागतं?

सूज गालावर किंवा गळ्याकडे पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला तर वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठावं. हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांनी दात काढण्याआधी तसं जरूर सांगावं. त्यांना आधी एक डोस दिला जातो.

घरात काय पाळावं?

- पाकिटावर उभी लाल रेषा असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये.
- उरलेल्या गोळ्या जपून ठेवू नयेत. अम्मीचं औषध मुलाला देऊ नये.
- डोस सांगितला तितकाच घ्यावा, मनाने बंद करू नये. रमजानमध्ये रोजा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं. सहरी आणि इफ्तारला जमेल असं औषध अनेकदा देता येतं.
- मिस्वाकने नीट घासलं तर मऊ थर निघतो, पण कडक कीटण निघत नाही. ते डेंटिस्टकडूनच काढून घ्यावं.
- फ्लोराइड टूथपेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत, रात्री झोपण्याआधी तर नक्कीच.

हिरडीतून रक्त येणं ही पहिली खूण आहे. तेव्हाच दाखवलं तर बऱ्याचदा नुसत्या सफाईवर भागतं आणि अँटिबायोटिकची वेळच येत नाही.