पेट स्कॅनच्या आधी ‘उपाशी’ म्हणजे नेमके काय?

पेट-सीटी स्कॅनची वेळ देताना ‘सहा तास उपाशी या’ असे सांगितले जाते. पुण्यातल्या घरांत याचा अर्थ कधी कधी ‘उपवास’ असा घेतला जातो आणि रुग्ण साबुदाण्याची खिचडी किंवा केळे खाऊन येतो. या तपासणीला उपवासाचे पदार्थही चालत नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. तो खाल्ला की रक्तातली साखर चांगलीच वाढते. चालते ते फक्त साधे पाणी, आणि ते भरपूर प्या. चहा, दूध, नारळपाणी, बडीशेप, खोकल्याचे गोड औषध, काहीच नको.

या स्कॅनमध्ये शिरेतून एफडीजी नावाचे द्रव्य देतात. ते ग्लुकोजसारखेच असते, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेले असते. अनेक कर्करोगांच्या पेशी ग्लुकोज प्रमाणाबाहेर ओढून घेतात, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले. एफडीजी पेशीत शिरते, पण त्याचे पुढे पचन होत नाही. ते तिथेच अडकते आणि गाठ उजळ दिसते.

तुम्ही खाऊन आलात तर रक्तातली साखर एफडीजीची वाट अडवते. शिवाय इन्सुलिन वाढते आणि ते एफडीजीला स्नायूंकडे व हृदयाकडे वळवते. मग गाठ फिकी दिसते, लहान गाठ सुटूही शकते. केमोथेरपीनंतरच्या स्कॅनमध्ये तर हे जास्त घातक: औषध लागू पडले, असा चुकीचा समज होऊ शकतो. म्हणून चुकून घोटभर चहा घेतला असेल तर लपवू नका. कोणी रागावले तरी चालेल.

मधुमेह असेल तर वेळ घेतानाच सांगा. साखर साधारण २००च्या वर असेल तर स्कॅन बहुधा पुढे ढकलतात. ती उतरवण्यासाठी ऐनवेळी इन्सुलिन टोचून येऊ नका. चित्र उलट बिघडते. मेटफॉर्मिनमुळे आतडी उजळ दिसतात, त्यामुळे काही ठिकाणी ते दोन दिवस आधी थांबवायला सांगतात. पण स्वतःहून कुठलीही गोळी बंद करू नका. घाम, थरथर, चक्कर जाणवली तर लगेच साखर खा आणि कळवा. स्कॅन पुन्हा करता येतो.

आदल्या दिवशी पर्वती चढणे, व्यायाम टाळा. दमलेले स्नायूही एफडीजी ओढतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळची वेळ असेल तर स्वेटर घालूनच निघा. थंडीत मानेजवळची तपकिरी चरबी उष्णतेसाठी ग्लुकोज जाळते आणि गाठीसारखी चमकते.

सहाऐवजी पंधरा तास उपाशी राहिल्याने गाठ अधिक स्पष्ट दिसते असे नाही. वजन घटलेल्या रुग्णाला त्रास मात्र होतो. हृदयाजवळची गाठ पाहायची असेल तर तयारी वेगळी असते, ती केंद्र सांगेल. प्रोस्टेटच्या पीएसएमए स्कॅनला सहसा उपाशी राहावे लागत नाही.

फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते, त्यामुळे तुमच्यासाठी मागवलेला डोस उद्यासाठी ठेवता येत नाही. येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशीच फोन करा. येताना डबा सोबत आणा. स्कॅन झाल्यावर लगेच खाता येते.