डिस्नेलँड : प्रवेशदरांची वाढ आणि कर्मचाऱ्यांचे वेतन

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील डिस्नेलँड या थीम पार्कने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या प्रवेशशुल्कात पुन्हा वाढ केली. या वाढीनंतर सर्वाधिक गर्दीच्या दिवसाचे, एका व्यक्तीचे एका दिवसाचे तिकीट २२४ डॉलर झाले. फ्लोरिडा राज्यातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील मॅजिक किंगडम या उद्यानाचा २०२६ साठीचा सर्वोच्च दरही २०९ डॉलरवर गेला. दुसरीकडे, याच उद्यानांत काम करणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांनी २०१८ ते २०२४ या काळात करार, जनमत कौल आणि न्यायालयीन लढा या मार्गांनी आपले वेतन वाढवून घेतले. या दोन्ही घटना एकाच काळातल्या असल्याने वेतन वाढले म्हणून तिकीट महागले, असा समज सहज होतो. उपलब्ध आकडेवारी मात्र या समजाला दुजोरा देत नाही.

एक डॉलरपासून २२४ डॉलरपर्यंत

लॉस एंजलिसजवळच्या ॲनाहाइम शहरात १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँडचे उद्‌घाटन झाले. त्या वेळी प्रौढांसाठी प्रवेशशुल्क १ डॉलर होते. मात्र प्रत्येक पाळण्याचे किंवा सफरीचे पैसे वेगळे मोजावे लागत. काही महिन्यांतच कुपनांची पुस्तिका विक्रीस आली. लहानसहान सफरींसाठी ‘ए’ कुपन आणि अधिक आकर्षक सफरींसाठी वरच्या अक्षराचे कुपन, अशी ती रचना होती. १९५९ पासून सर्वांत मोठ्या सफरींसाठी ‘ई’ कुपन लागू लागले.

ही पद्धत १९८२ मध्ये बंद झाली. एकदा १२ डॉलर भरले की आतील सर्व सफरी खुल्या, अशी नवी व्यवस्था आली. २००० च्या सुमारास हे तिकीट चाळीस डॉलरच्या आसपास होते. फ्लोरिडातील मॅजिक किंगडमच्या तिकिटाने २०१५ मध्ये शंभर डॉलरची मर्यादा ओलांडली.

फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने दररचनेत मूलभूत बदल केला. वर्षभर एकच दर ठेवण्याऐवजी कमी गर्दीचे, मध्यम गर्दीचे आणि अति गर्दीचे असे दिवसांचे तीन गट पाडण्यात आले. डिस्नेलँडमध्ये या गटांचे दर अनुक्रमे ९५, १०५ आणि ११९ डॉलर होते. विमान कंपन्या आणि हॉटेले ज्या तत्त्वावर दर आकारतात, तेच हे तत्त्व होय. पुढे गटांची संख्या वाढत गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च दर २०६ डॉलरवर पोहोचला आणि वर्षभरातच २२४ झाला.

या काळात सर्वांत खालच्या गटाचा दर २०१९ पासून १०४ डॉलरवरच स्थिर राहिला, ही बाब कंपनीकडून आवर्जून नमूद केली जाते. ते खरेही आहे. परंतु या दराचे दिवस वर्षात मोजकेच असतात आणि ते प्रामुख्याने शाळा सुरू असतानाच्या काळात येतात. मुलांच्या सुटीत सहलीला निघणाऱ्या कुटुंबाला त्याचा लाभ क्वचितच होतो.

तिकिटापलीकडचा खर्च

प्रवेशशुल्कावरून खर्चाचे पूर्ण चित्र स्पष्ट होत नाही. १९९९ मध्ये कंपनीने ‘फास्टपास’ ही योजना सुरू केली. तीनुसार ठरावीक वेळेची चिठ्ठी घेऊन पाहुण्यांना लांब रांग टाळता येत असे आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नसत. कोरोना साथीच्या काळात ही योजना थांबली आणि २०२१ मध्ये तिच्या जागी ‘जीनी प्लस’ ही सशुल्क सेवा आली. २०२४ मध्ये तिचे नाव आणि स्वरूप पुन्हा बदलले. त्याच वर्षी, वेळ आधी न ठरवता बहुतेक मोठ्या सफरींच्या जलद रांगेत प्रत्येकी एकदा प्रवेश देणारा पास डिस्नेलँडने ४०० डॉलर दराने विक्रीस काढला. ही रक्कम प्रवेशशुल्काव्यतिरिक्त आहे.

फ्लोरिडात कंपनीच्या हॉटेलांत उतरणाऱ्या पाहुण्यांना विमानतळावरून मोफत बस मिळत असे. ही सोयही जानेवारी २०२२ पासून बंद झाली. पूर्वी तिकिटात किंवा मुक्कामात अंतर्भूत असलेल्या सुविधा अशा रीतीने एकेक करून स्वतंत्र विक्रीच्या वस्तू बनल्या.

२०१८ चे सर्वेक्षण

या उद्यानांतील प्रत्येक कर्मचाऱ्याला कंपनी ‘कास्ट मेंबर’ म्हणजे नटसंचातील सदस्य म्हणते. सफाई कामगार, स्वयंपाकी, तिकीटतपासनीस, सफरी चालवणारे, मिकी माउसचा वेश धारण करणारे कलाकार हे सर्व त्यात येतात. अमेरिकेत अशा कामाचे वेतन महिन्यावर नव्हे, तर तासावर ठरते. त्यामुळे एका तासाला मिळणारे डॉलर आणि आठवड्याला मिळणारे कामाचे तास, या दोन्हींवर कर्मचाऱ्याचे उत्पन्न अवलंबून असते.

वेतनाचा प्रश्न नवा नाही. १९८४ मध्ये वेतन गोठवण्याच्या प्रस्तावावरून डिस्नेलँडमधील कर्मचाऱ्यांनी २२ दिवस संप केला होता. मात्र या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले ते फेब्रुवारी २०१८ मधील एका अहवालाने. ऑक्सिडेंटल कॉलेज आणि इकॉनॉमिक राउंडटेबल या संस्थांच्या संशोधकांनी डिस्नेलँडमधील सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांचे सर्वेक्षण केले. कामगार संघटनांच्या आघाडीने ते करवून घेतले होते.

दरमहाचा मूलभूत खर्च वेतनातून भागत नाही, असे ७३ टक्के कर्मचाऱ्यांनी सांगितले. पुरेशा अन्नाची शाश्वती नसलेल्यांचे प्रमाण ६८ टक्के होते. मागील दोन वर्षांत कधी ना कधी बेघर व्हावे लागले, असे सांगणारे ११ टक्के होते. महागाईचा परिणाम वजा केल्यास २००० मध्ये तासाला १५ डॉलर ८० सेंट असलेले सरासरी वेतन २०१७ मध्ये १३ डॉलर ३६ सेंटपर्यंत, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांनी घसरले होते, असा अहवालाचा निष्कर्ष होता. हे सर्वेक्षण चुकीचे आणि अशास्त्रीय असल्याचे सांगून कंपनीने ते फेटाळले.

ॲनाहाइम ज्या ऑरेंज काउंटीत येते, तेथील घरभाडे देशातील महागड्या भाड्यांपैकी एक आहे. त्यामुळे बरेच कर्मचारी दूरवरून ये-जा करतात, काही जण एका खोलीत अनेक मिळून राहतात, तर काहींनी मोटारीतच रात्री काढल्याचे सांगितले.

करार, कौल आणि न्यायालय

अहवालानंतर पाच महिन्यांनी, जुलै २०१८ मध्ये, डिस्नेलँडमधील सुमारे ९,७०० कर्मचाऱ्यांचा नवा करार झाला. तासाला ११ डॉलर असलेला किमान दर तत्काळ १३ डॉलर २५ सेंट आणि जानेवारी २०१९ पासून १५ डॉलर करण्याचे ठरले. फ्लोरिडातील सुमारे ३८,००० कर्मचाऱ्यांसाठीही १० डॉलरवरून टप्प्याटप्प्याने २०२१ पर्यंत १५ डॉलर देण्याचा करार झाला. तासावर काम करणाऱ्यांच्या उच्च शिक्षणाचे शुल्क भरण्याची योजनाही कंपनीने त्याच वर्षी सुरू केली.

नोव्हेंबर २०१८ मध्ये ॲनाहाइमच्या मतदारांनी ‘मेझर एल’ हा प्रस्ताव मंजूर केला. शहराकडून कर-सवलत किंवा अनुदान घेणाऱ्या मोठ्या पर्यटन व्यवसायांनी २०१९ मध्ये किमान १५ डॉलर आणि दरवर्षी एक डॉलर वाढवत २०२२ मध्ये १८ डॉलर वेतन द्यावे, असे त्यात म्हटले होते. मतदानापूर्वीच कंपनीच्या विनंतीवरून शहराने तिच्याबरोबरचे दोन सवलत-करार रद्द केले होते. त्यामुळे हा नियम आपल्याला लागू होत नाही, अशी कंपनीची भूमिका होती.

कर्मचारी २०१९ मध्ये न्यायालयात गेले. प्राथमिक न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मात्र जुलै २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. उद्यानाच्या विस्तारासाठी १९९६ मध्ये झालेल्या आर्थिक करारानुसार विशिष्ट परिस्थितीत करपरतावा मिळण्याचा हक्क कंपनीकडे असल्याने तिला शहराचे अनुदान मिळते, असे न्यायालयाने मानले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये फेरविचारास नकार दिला. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये ५०,००० हून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांना २३ कोटी ३० लाख डॉलर देण्याची तडजोड झाली.

दरम्यान कोरोना साथीत डिस्नेलँड मार्च २०२० पासून एप्रिल २०२१ च्या अखेरपर्यंत बंद राहिले. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने उद्यान विभागातील २८,००० नोकऱ्यांच्या कपातीची घोषणा केली; त्यातील दोन-तृतीयांश अर्धवेळ होत्या. साथीनंतर गर्दी परतली, तसा वेतनाचा प्रश्नही परतला. फ्लोरिडातील कर्मचाऱ्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीचा प्रस्ताव ९६ टक्के मतांनी फेटाळला आणि जवळपास दोन महिन्यांनी २०२३ अखेर किमान १८ डॉलर देणारा करार स्वीकारला. जुलै २०२४ मध्ये डिस्नेलँडच्या सुमारे १४,००० कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संपाचा कौल घेतला. ९९ टक्के मते संपाच्या बाजूने पडली. संप मात्र टळला. १९ डॉलर ९० सेंट असलेले किमान वेतन २४ डॉलर करण्याचा तीन वर्षांचा करार त्याच महिन्यात संमत झाला.

दरवाढीचे कारण वेतन आहे काय?

घटनांचा क्रम पाहिला तर या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येते. २००० ते २०१७ या काळात तिकीट दुपटीहून अधिक महागले आणि नेमक्या त्याच काळात, अहवालानुसार, वेतनाची क्रयशक्ती घटली. त्या वर्षांतील दरवाढीचे कारण वेतनवाढ असूच शकत नाही. २०१८ नंतर वेतन वेगाने वाढले, तेव्हा सर्वांत कमी गर्दीच्या दिवसाचा दर जवळपास जागच्या जागी राहिला आणि सर्वाधिक गर्दीच्या दिवसाचा दर झपाट्याने वर गेला. वेतनाचा बोजा तिकिटावर टाकला गेला असता, तर तो सर्व दिवसांवर पडला असता. प्रत्यक्षात ज्या दिवशी लोक जास्त पैसे देण्यास तयार असतात, त्याच दिवसाचा दर वाढला. म्हणजे तिकिटाचा दर मागणीवर ठरतो. वेतन मात्र करार आणि कायदा यांवर ठरते.

दरवाढीमागे गर्दीचे नियोजन आणि नव्या आकर्षणांवरील गुंतवणूक असल्याचे कंपनी सांगते. उद्याने आणि जहाजसफरींवर दहा वर्षांत सुमारे ६० अब्ज डॉलर खर्च करण्याचे तिने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. त्याच वेळी हा विभाग कंपनीच्या नफ्याचा प्रमुख आधार आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात त्याचे उत्पन्न ३४ अब्ज डॉलरहून अधिक आणि कार्यचालन नफा ९ अब्ज डॉलरहून अधिक होता. संस्थापक-कुटुंबातील ॲबिगेल डिस्ने यांनी २०१९ मध्ये नेमक्या याच विषमतेवर टीका केली होती. २०१८ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी बॉब आयगर यांचे मानधन ६ कोटी ५६ लाख डॉलर, म्हणजे कंपनीतील मध्यम वेतनाच्या १,४२४ पट होते.

श्रमाच्या तासांत तिकीट

तिकिटाचे मोल डॉलरऐवजी श्रमाच्या तासांत मोजले, तर चित्र अधिक स्पष्ट होते. १९५५ मध्ये देशाचे किमान वेतन तासाला ७५ सेंट होते. एका प्रवेशासाठी १ तास २० मिनिटांचे काम पुरे होई, अर्थात सफरींचे पैसे वेगळे. १९८२ मध्ये किमान वेतन ३ डॉलर ३५ सेंट होते. १२ डॉलरचे तिकीट म्हणजे साडेतीन तासांहून थोडे अधिक काम. २०१८ च्या प्रारंभी कॅलिफोर्नियाचे किमान वेतन ११ डॉलर आणि तिकीट ९७ ते १३५ डॉलर होते. म्हणजे पावणेनऊ ते सव्वाबारा तास.

२०२४ च्या करारातील २४ डॉलरचा दर धरला, तर २०२५ च्या अखेरचे तिकीट सुमारे सव्वाचार ते सव्वानऊ तासांचे होते. डिस्नेलँडच्या कर्मचाऱ्यांना काही प्रवेश मोफत मिळतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा हिशेब केवळ तुलनेपुरता आहे. परंतु २०२५ मध्ये राज्याच्या १६ डॉलर ५० सेंट या किमान वेतनावर काम करणाऱ्या इतर कामगाराला सर्वाधिक गर्दीच्या दिवसासाठी साडेतेरा तासांहून अधिक राबावे लागले असते, म्हणजे २०१८ पेक्षाही जास्त. ज्या राज्यांत २००९ पासूनचे ७ डॉलर २५ सेंट हे केंद्रीय किमान वेतनच लागू आहे, तेथील कामगाराला सर्वांत स्वस्त तिकिटासाठीही १४ तास लागतात.

संघटित कर्मचाऱ्यांनी २०१८ ते २०२४ या काळात आपले किमान वेतन दुपटीहून अधिक केले. याच उद्यानांच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या असंघटित कामगाराच्या कुटुंबासाठी सुटीच्या दिवसाचे तिकीट मात्र आणखी दूर गेले.