महाक्षत्रप ईश्वरदत्ताचें नाणें

खानदेशांतील अहिराणी बोली ज्या आभीरांचें नांव आजही वागवीत आहे, त्यांच्यापैकींच एकानें सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं परक्याचें सिंहासन बळकावलें असावें. पुरावा म्हणाल तर पाव तोळाही न भरणारीं कांहीं रुप्याचीं नाणीं, एवढाच.

एका बाजूस राजाचें मस्तक, दुसरीस त्रिशिखर पर्वत व चंद्रकोर. सारा थाट गुजरात-माळव्यावर राज्य करणाऱ्या क्षत्रपांचा. या चष्टनाच्या घराण्याची एक संवय इतिहासकारांस फार उपकारक ठरली आहे. राजा नाण्यावर आपल्याबरोबर बापाचेंही नांव घाली आणि, पुढें पुढें, मस्तकामागें शकाचें वर्षही कोरवी. ईश्वरदत्ताच्या नाण्यावर बापाचें नांव नाहीं व शकही नाहीं. ‘राजा महाक्षत्रप ईश्वरदत्त, वर्ष पहिलें’ अशा अर्थाचा ब्राह्मी लेख, किंवा ‘वर्ष दुसरें’. तिसऱ्या वर्षाचें नाणें आढळत नाहीं. ज्यांचा शक मोडला त्यांचीच पदवी मात्र त्यानें सोडली नाहीं. लोकांनीं नाणें घ्यावयाचें तर ओळखीचा छाप हवाच!

हा पुरुष केव्हां झाला? रॅप्सन यांनीं 1908 मधील आपल्या ग्रंथांत, नाण्यांची घडण व महाक्षत्रपांच्या मालिकेंतील खंड पाहून, इ. स. 236 ते 239 हा काळ धरला. देवदत्त रामकृष्ण भांडारकर 188 ते 190 म्हणतात. कारण महाक्षत्रप रुद्रसिंह शके 110 ते 112 च्या नाण्यांवर नुसता ‘क्षत्रप’, म्हणजे दुय्यम, होऊन बसतो आणि 113 मध्यें पुन्हां महाक्षत्रप होतो. नाण्यांतील खंड उद्यां एखाद्या हंड्यानें भरूनही निघेल; रुद्रसिंहाची पायउतार तशी पुसतां येत नाहीं. तथापि घडणीचा पुरावाही सहज झटकण्यासारखा नव्हे.

तो आभीर होता हा तर्क भगवानलाल इंद्रजी यांचा. त्यास आधार आहेत. काठेवाडांतील गुंद येथील शके 103 च्या लेखांत याच रुद्रसिंहाचा आभीर सेनापति रुद्रभूति वापी बांधवितो. म्हणजे सैन्य आभीरांच्या हातीं आलेंच होतें. इकडे नाशिकच्या पांडवलेण्यांत शिवदत्त आभीराचा पुत्र राजा ईश्वरसेन याचा लेख आहे. त्यांतही शक नाहीं, स्वतःच्या राज्याचें नववें वर्ष आहे. त्या वर्षीं विष्णुदत्ता नांवाच्या शक उपासिकेनें गोवर्धन येथील श्रेणींकडे रक्कम ठेवून तिच्या व्याजांतून आजारी भिक्षूंच्या औषधाची सोय केली.