जुन्या ऑफ-रोड गाडीचे गळके सनरूफ : पाणी येते कोठून आणि थांबवावे कसे

सनरूफ असलेल्या जुन्या ऑफ-रोड गाडीत पहिल्या मोठ्या पावसानंतर छताच्या अस्तरावर तपकिरी डाग उमटतो, पुढच्या आसनाखालचा गालिचा पायाला ओला लागतो आणि दोन दिवसांत बंद गाडीत कुबट वास भरतो. अशा वेळी बहुतेक मालक काचेभोवतीच्या रबरी पट्टीला दोष देतात आणि तिच्यावर सिलिकॉनची अख्खी नळी रिकामी करतात. पुढच्या सरीला गाडी पुन्हा गळते. सनरूफ जलरोधक असते, या समजुतीतून हा खर्च वाया जातो. ते तसे नसते आणि तसे असावे अशी त्याची रचनाही नसते.

काच आणि छताचा पत्रा यांच्यामधली रबरी पट्टी वारा, धूळ आणि बरेचसे पाणी अडवते. तिला ओलांडून आलेले पाणी काचेखालच्या चौकटीतल्या पन्हळीत पडते. या पन्हळीच्या कोपऱ्यांना तोट्या असतात आणि तोट्यांना जोडलेल्या बारीक नळ्या गाडीच्या खांबांच्या पोकळीतून खाली उतरतात. पुढच्या नळ्या समोरच्या काचेलगतच्या खांबांतून, ज्यांना गॅरेजमध्ये ए-पिलर म्हणतात त्यांतून येतात. मागच्या नळ्या मागच्या खांबांतून जातात. पाणी गाडीखाली जमिनीवर सांडते आणि आत बसलेल्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. कौलारू घराचे छप्परही याच तत्त्वावर चालते. कौले पाणी कोंडून धरत नाहीत, ते उतारावरून पुढे सोडतात. म्हणून तर पावसाळ्यापूर्वी घर शाकारून घ्यावे लागते.

पन्हळीतून जाणारे पाणी थोडेथोडके नसते. तासाला ५० मिलिमीटर वेगाने पाऊस कोसळत असेल, तर अर्ध्या चौरस मीटरच्या काचेवर तासाभरात २५ लिटर पाणी पडते. त्यातले दहा टक्के जरी पट्टीखालून आत शिरले, तरी ते अडीच लिटर होते. नळी मोकळी असेल तर हे पाणी निमूट निघून जाते. नळी तुंबलेली असेल तर पन्हळ भरून वाहू लागते आणि पाणी छताच्या अस्तरात उतरते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तेथे ही पन्हळ महिनोन्‌महिने कोरडी होत नाही.

डिस्कव्हरीचे उदाहरण

या दुखण्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे लँड रोव्हर डिस्कव्हरी. ही गाडी १९८९ मध्ये फ्रँकफर्टच्या वाहनप्रदर्शनात प्रथम दाखवली गेली. तिची दुसरी आवृत्ती १९९८ पासून २००४ पर्यंत इंग्लंडमधील सॉलिहल येथे तयार होत होती. या काळात कंपनीची मालकी बीएमडब्ल्यूकडून फोर्डकडे गेली आणि २००८ मध्ये ती टाटा मोटर्सकडे आली. डिस्कव्हरीच्या काही गाड्यांना एक नव्हे, दोन सनरूफ असत. पुढचे चालकाच्या डोक्यावर आणि दुसरे मधल्या आसनांवर. शिवाय छताच्या दोन्ही कडांना ‘अल्पाइन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अरुंद काचा बसवलेल्या असत. उजेडाची हौस मोठी होती. पण छतात जितकी भोके, तितके पाण्याला रस्ते, हा हिशेब मालकांच्या लक्षात काही वर्षांनी आला.

दुसऱ्या आवृत्तीत नळी तुंबण्यापेक्षाही एक वेगळी जागा अधिक त्रास देते. पन्हळ आणि नळी यांना जोडणारा प्लास्टिकचा छोटा कोपर आणि त्याच्याभोवतीचा मऊ सांधा वर्षानुवर्षांच्या उन्हाने कडक होतो, आक्रसतो आणि एके दिवशी कोपर जागेवरून निसटतो. नळी स्वच्छ असते, काचेची पट्टीही धड असते. तरी पाणी थेट अस्तरावर पडते. अशा गाडीवर सिलिकॉन कितीही लावले तरी उपयोग होत नाही, कारण बिघाड अस्तराच्या वर दडलेला असतो.

ऑफ-रोड गाडीला हा त्रास साध्या मोटारीपेक्षा जास्त होण्याची कारणेही समजण्यासारखी आहेत. खडबडीत वाटेवर गाडीचा सांगाडा पिळला जातो आणि त्या पिळवटण्याने छतावरचे सांधे हळूहळू सैल होतात. कच्च्या रस्त्याची धूळ पन्हळीत साठते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. उतारावर किंवा एका बाजूला कलती उभी केलेली गाडी सगळे पाणी एकाच कोपऱ्याकडे पाठवते. तेथली नळी अर्धवट तुंबलेली असली तरी पुरे. त्यातच गाडी गुलमोहराखाली उभी करण्याची सवय असेल, तर त्याची इवलीशी पर्णदले तोटीच्या तोंडात नेमकी बसतात. ग्वाल्हेर किंवा हैदराबादसारख्या कोरड्या, तापलेल्या गावात पाऊस कमी, पण रबर मात्र लवकर तडकते. त्यामुळे तेथील गाड्या या दुखण्यातून सुटतात असे नाही.

आधी निदान

ओलावा दिसतो त्या जागीच गळती असते, असे समजू नये. पाणी छताच्या आतल्या पत्र्यावरून, तारांच्या जुडग्यावरून किंवा खांबाच्या कडेने दूरवर प्रवास करते. छतावरच्या सामानाच्या कठड्याचे बोल्ट, समोरच्या काचेचा चिकटवलेला सांधा, अल्पाइन काचांच्या कडा आणि दारांच्या आतले फाटलेले प्लास्टिक, या सगळ्यांचे पाणी अखेर पायांपाशीच गोळा होते. त्याखेरीज दोन फसवी कारणे आहेत. पाऊस नसतानाही, वातानुकूलन चालू असताना डाव्या वा उजव्या पायापाशी स्वच्छ पाणी साचत असेल, तर एसीची निचरा नळी तुंबलेली आहे. ओलावा बोटाला बुळबुळीत लागत असेल, त्याला हिरवट वा नारिंगी छटा आणि गोडसर वास असेल, तर हीटरच्या रेडिएटरमधून कूलंट गळत आहे. हा द्रव विषारी असतो. त्याची चव घेऊन खात्री करण्याचा जुना गॅरेजी प्रकार टाळावा.

सनरूफची परीक्षा सोपी आहे आणि तिला कपभर पाण्यापलीकडे काही लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करावी, काच पूर्ण उघडावी आणि पन्हळीच्या एका कोपऱ्यात अर्धा कप पाणी सावकाश ओतावे. दुसऱ्या माणसाने गाडीखाली पाहावे. काही क्षणांत त्या बाजूच्या चाकामागे वा दाराच्या बिजागरीखाली पाण्याची धार दिसली पाहिजे. पाणी पन्हळीतच तुंबून राहिले, तर नळी बंद आहे. पाणी पन्हळीतून नाहीसे झाले, पण खाली आलेच नाही, तर ते गाडीच्या आत गेले. कोपर निसटला आहे किंवा नळी फुटली आहे. या दुसऱ्या निकालाला कधीही दुर्लक्षू नये. चारही कोपरे एकेक करून, मध्ये थोडा वेळ देऊन तपासावेत. पाण्याचा माग काढण्यासाठी त्यात हळद मिसळण्याचा मोह होतो. पण अस्तरावरचा हळदीचा डाग गळतीच्या डागापेक्षा चिवट निघतो. खांबाच्या आवरणाखाली कोरडे टिश्यू पेपर खोचून ठेवले तरी वाट कळते.

नळ्यांची सफाई

तुंबलेली नळी पाहिली की कॉम्प्रेसरची हवा मारण्याची घाई अनेक ठिकाणी होते. जुन्या गाडीत हे धोक्याचे आहे. जोरदार दाबाने नळी तोटीपासून सुटते आणि खांबाच्या पोकळीत घसरते. मग जे काम दहा मिनिटांचे होते त्यासाठी सगळे अस्तर उतरवावे लागते. ताठ लोखंडी तारही वापरू नये, ती वळणावर नळीला भोक पाडते. गवत कापण्याच्या यंत्रात वापरतात तो सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोरा या कामाला उत्तम. त्याचे टोक काडेपेटीच्या ज्योतीवर किंचित वितळवून गोल करावे, दोरा तोटीतून हलक्या हाताने फिरवत खाली सोडावा, अडले तेथे ढकलण्याऐवजी मागेपुढे करावे. नंतर साबणाचे कोमट पाणी आणि शेवटी साधे पाणी सोडावे. बऱ्याचदा अडथळा वरच्या तोंडाशी नसून खालच्या टोकाशी असतो, जेथे चिखल उडून नळीचे तोंड लिंपले जाते. म्हणून खालचे टोक शोधून तेही साफ करावे.

कोपर निसटला असेल तर छताचे अस्तर कोपऱ्यापुरते खाली घ्यावे लागते. सन व्हायझर, हाताने धरायच्या कड्या, खांबाचे आवरण आणि दिव्याची चौकट काढली की अस्तर हात घालण्याइतके वाकते. ते मधोमध दुमडले की त्याची घडी कायमची राहते, म्हणून येथे दोन माणसे असावीत. छताच्या कडेला पडदा-एअरबॅग असलेल्या गाडीत बॅटरीची तार आधी सोडून, कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबूनच आवरणाला हात लावावा. तेथे अनुभवी कारागीर हवा. कोपर आणि तोटी स्पिरिटने पुसून, पूर्ण कोरडी करून, नवा कोपर मिळाला तर उत्तम, नाहीतर जुनाच पॉलियुरेथेन सीलंटने बसवावा आणि सीलंट सुकेपर्यंत पाणी लावू नये. नळी कडक होऊन तडकली असेल तर तिला टेप गुंडाळणे व्यर्थ. त्याच आतल्या व्यासाची नवी लवचीक नळी टाकावी.

सिलिकॉनविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारे, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन सुकताना अॅसिटिक आम्ल सोडते आणि उघड्या पत्र्याला गंज आणते. शिवाय त्याचा अंश राहिलेल्या जागी पुढे रंग धरत नाही. सीलंट वापरायचेच असेल तर ‘न्यूट्रल’ प्रकारचे किंवा पॉलियुरेथेन घ्यावे, आणि ते पन्हळीच्या तोटीजवळ चुकूनही लावू नये.

रबर आणि काचेची पातळी

नळ्या मोकळ्या झाल्यावरच पट्टीकडे वळावे. कागदाची पट्टी काचेच्या कडेत धरून काच बंद करावी आणि कागद ओढून पाहावा. सर्वत्र सारखा ताण लागला पाहिजे. एखाद्या जागी कागद सहज सुटला तर तेथे फट आहे. अनेकदा दोष रबराचा नसून काचेच्या पातळीचा असतो. साधारण नियम असा की काचेची पुढची कड छताच्या पातळीत किंवा एखाद मिलिमीटर खाली असावी आणि मागची कड छताच्या पातळीत किंवा तेवढीच वर. बाजूचे स्क्रू सैल करून ही पातळी जुळवता येते. रबर अजून मऊ असेल तर ते धुऊन त्याला सिलिकॉन ग्रीस लावावे. खोबरेल, रॉकेल किंवा इंजिनाचे ग्रीस लावण्याची पद्धत सर्रास आढळते. खनिज तेलाने रबर फुगते आणि खोबरेलावर धूळ चिकटते. रबर कडक होऊन कोपऱ्यांत आखडले असेल तर पट्टी बदलण्यावाचून इलाज नाही.

आतला ओलावा

गळती थांबली की काम संपले असे मानणे महागात पडते. गालिच्याखालचा जाड फोम स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि वरून कोरडा लागलेला गालिचा खालून आठवडेच्या आठवडे ओला राहतो. डिस्कव्हरीसारख्या गाडीचे बाहेरचे बरेच पत्रे अॅल्युमिनियमचे असले तरी आतला सांगाडा पोलादी असतो आणि तो नेमका तेथेच कुजतो. आसने सोडून गालिचा बाहेर काढावा, उन्हात पूर्ण वाळवावा, फरशीच्या पत्र्यावरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून त्यावर गंजरोधक आणि जस्तयुक्त प्रायमर लावावा. आपल्याकडे खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणासाठी तपासणीला जाते. तेव्हा खाल्लेला फरशीचा पत्रा लपवता येत नाही.

याहून महाग पडते ती वीजयंत्रणा. ए-पिलरमधून उतरणारे पाणी डॅशबोर्डखालच्या फ्यूजपेटीपर्यंत पोहोचते. मध्यरात्री अलार्म वाजणे, दारे आपोआप कुलूपबंद होणे, वायपर मनाप्रमाणे चालणे असे चमत्कार पावसाळ्यात सुरू झाले, तर इलेक्ट्रिशियनला नवा मॉड्यूल सुचवण्यापूर्वी जोडण्यांवर हिरवट थर आला आहे का ते पाहायला सांगावे. फ्यूजपेटी बॅटरी सोडून, काढून, वाळवून आणि जोडण्यांसाठीच्या खास स्प्रेने साफ करून पुष्कळदा पूर्ववत चालते.

काही मालक शेवटी कंटाळून काच कायमची चिकटवून टाकतात, तर काही सनरूफ काढून तेथे पत्रा बसवतात. सुटे भाग मिळत नसतील आणि छताची कड गंजून गेली असेल, तर पत्रा बसवणे हा व्यवहार्य मार्ग आहे. मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने छत वाकू नये म्हणून तो चिकटवून बसवणे बरे. नुसती काच चिकटवली असेल, तर खालची पन्हळ आणि नळ्या जागेवरच असतात. त्यांची सफाई त्यानंतरही वर्षातून दोनदा करावी लागते : एकदा पानगळ सरल्यावर, मेअखेरीस, आणि दुसऱ्यांदा पाऊस उघडल्यावर दसऱ्याच्या सुमारास.